श्वान-तबकडी स्पर्धा : मुक्तशैलीचे गुणांकन

माणसाने फेकलेली प्लॅस्टिकची तबकडी कुत्र्याने धावत जाऊन किंवा उडी घेऊन हवेतच तोंडात झेलण्याचा आधुनिक क्रीडाप्रकार. यात एक माणूस व एक कुत्रा मिळून एक जोडी होते व गुण या जोडीला मिळतात. या क्रीडेचे दोन मुख्य विभाग आहेत : ठराविक वेळात शक्य तितक्या दूरवर झेल घेण्याचा अंतरफेक विभाग आणि संगीताच्या साथीने स्वतः रचलेल्या कसरती सादर करण्याचा मुक्तशैली विभाग. अंतरफेकीत झेलाची जागा व संख्या मोजली की निकाल लागतो. मुक्तशैलीत मात्र सफाई, कल्पकता, धाडस आणि परस्परमेळ यांची किंमत अंकांत ठरवावी लागते. त्यामुळे परीक्षकांचे निकष, त्या निकषांचे परस्पर वजन आणि त्यांचे कुत्र्याच्या शरीरावर होणारे परिणाम हे या क्रीडेतील कळीचे प्रश्न ठरले आहेत.

इतिहास : खेळण्यातील उडत्या तबकडीचा प्रसार अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत दुसऱ्या महायुद्धानंतर झाला. वॉल्टर फ्रेडरिक मॉरिसन (१९२०–२०१०) यांनी तयार केलेल्या प्लॅस्टिकच्या तबकडीचे हक्क १९५७ मध्ये कॅलिफोर्नियातील व्हॅम-ओ या कंपनीने घेतले व ती पुढे ‘फ्रिस्बी’ या नावाने विकली जाऊ लागली. ‘फ्रिस्बी’ हे त्या कंपनीचे व्यापारी नाव असल्यामुळे क्रीडासंस्था सामान्यतः ‘डिस्क’ म्हणजे तबकडी हाच शब्द वापरतात. एड हेड्रिक यांनी तबकडीच्या पाठीवर समकेंद्री कंगोरे देऊन तिचे उड्डाण स्थिर केले. या सुधारणेचे एकस्व त्यांना १९६७ मध्ये मिळाले. स्थिर व लांब उड्डाणामुळे तबकडीला निव्वळ खेळण्यापेक्षा क्रीडासाहित्याचे स्वरूप आले.

कुत्र्याने तबकडी झेलण्याच्या खेळाला सार्वजनिक प्रसिद्धी ५ ऑगस्ट १९७४ रोजी मिळाली. त्या दिवशी लॉस अँजेल्स येथील डॉजर स्टेडियमवर बेसबॉलचा सामना चालू असताना ॲलेक्स स्टाइन हा ओहायओ राज्यातील तरुण आपल्या ॲश्ली व्हिपेट या कुत्र्यासह कुंपण ओलांडून मैदानात उतरला आणि त्याने तबकडीझेलीचे प्रयोग सुरू केले. सामना थांबला आणि दूरचित्रवाणीवरील समालोचकांनी खेळाऐवजी कुत्र्याच्या उड्यांचेच वर्णन केले. काही मिनिटांनंतर स्टाइनला अटक झाली. या प्रसंगानंतर आयर्व्ह लँडर यांच्या सहकार्याने स्टाइनने या खेळाला स्पर्धेचे रूप दिले. १९७५, १९७६ व १९७७ या तिन्ही वर्षांचे जागतिक विजेतेपद ॲश्ली व्हिपेटने मिळविले. हा कुत्रा १९८५ मध्ये मरण पावला. मुख्य स्पर्धेला पुढे त्याचेच नाव देण्यात आले. कालांतराने स्कायहाउंड्झ, युनायटेड स्टेट्स डिस्क डॉग नॅशनल्स इ. स्वतंत्र स्पर्धासंस्था पुढे आल्या. यूरोप व जपान येथेही हा खेळ रुजला. सर्व संस्थांना बांधील असा एकच नियमसंच मात्र नाही, त्यामुळे गुणांकनाच्या पद्धतीही अनेक आहेत.

साहित्य व मैदान : कुत्र्यांसाठी वापरली जाणारी तबकडी सु. २३ सेंमी. व्यासाची व साधारणतः ११० ग्रॅम वजनाची असते. माणसांच्या तबकडीखेळांतील तबकड्या याहून बऱ्याच जड असतात. माणसांच्या मुक्तशैलीत सु. १६० ग्रॅमची तबकडी वापरतात. जड व कठीण तबकडी वेगाने आदळल्यास कुत्र्याचे दात व हिरड्या दुखावण्याचा संभव असल्यामुळे ती मऊ, हलकी व कडा गुळगुळीत असलेली लागते. स्पर्धा सपाट हिरवळीवर होतात. मुक्तशैलीची एक फेरी सामान्यतः दीड ते दोन मिनिटांची असून त्या वेळात किती तबकड्या बाळगता येतील याची कमाल मर्यादा नियमांत दिलेली असते. संगीत खेळाडू स्वतः निवडतो. कुत्र्याच्या जातीचे बंधन नसते. काटक व चपळ कुत्रे अधिक दिसतात. परंतु संकरित व आश्रयगृहांतून आणलेल्या कुत्र्यांनीही या खेळात नाव मिळविले आहे. काही संस्थांनी सु. ११ किग्रॅ.पेक्षा कमी वजनाच्या लहान कुत्र्यांसाठी वेगळा गट ठेवला आहे.

अंतरफेकीचे गुणांकन : मुक्तशैलीचे वेगळेपण लक्षात येण्यासाठी प्रथम अंतरफेकीची पद्धत पाहणे सोयीचे आहे. मैदानावर फेकरेषेपासून ठराविक अंतरावर आडव्या रेषा आखून पट्टे पाडलेले असतात. कुत्र्याने ज्या पट्ट्यात झेल घेतला त्या पट्ट्याचे गुण मिळतात. पट्टा जितका दूर तितके गुण अधिक. झेलाच्या वेळी कुत्र्याचे चारही पाय जमिनीपासून सुटलेले असल्यास अर्धा गुण जास्त देण्याची प्रथा आहे. वेळ सामान्यतः ६० किंवा ९० सेकंद असतो व तेवढ्यात एकच तबकडी पुन्हापुन्हा फेकावयाची असते. म्हणून परत येण्याचा वेगही महत्त्वाचा ठरतो. येथे रेषेवरील पंचाला पाय कोठे पडला व तो जमिनीवर होता की हवेत एवढेच पाहावयाचे असते. मतभेद झालाच तर तो वस्तुस्थितीविषयी होतो, अभिरुचीविषयी नव्हे.

मुक्तशैलीतील कसरती : परीक्षकाला ज्यांचे मूल्यमापन करावयाचे त्या कसरतींचे काही ठळक वर्ग आहेत. (१) फेकीचे प्रकार : पालथ्या हाताची, उताण्या हाताची, डोक्यावरून उलटी केलेली, जमिनीवर कडेने घरंगळणारी, बोटांवर उभी फिरवून सोडलेली, पायाखालून वा पाठीमागून सोडलेली इत्यादी. (२) उल्लंघन : खेळाडूचा पाय, पाठ वा अन्य अवयव ओलांडून कुत्र्याने उडी घेणे. (३) झेप-आधार : खेळाडूच्या मांडीवर, पाठीवर वा छातीवर पाय रोवून, तेथून उसळी घेऊन उंचावरील तबकडी झेलणे. (४) बहुझेल : जवळच्या जवळ, एकापाठोपाठ अनेक तबकड्या झेलणे. (५) कोलांटी : तबकडी झेलताना शरीराला हवेत पीळ देणे किंवा उलटी फिरकी घेणे. (६) कुत्र्याचा झेल : उडी घेतलेल्या कुत्र्याला खेळाडूने हवेतच हातांत घेणे. (७) दूरफेक व दिशाबदल : कुत्र्याला मैदानाच्या वेगवेगळ्या भागांत पाठवून सलग झेल घेणे. यांखेरीज एका कसरतीतून दुसरीत जाण्याचे दुवे, टाकलेल्या तबकड्या गोळा करण्याची हातोटी आणि खेळाडू व कुत्रा यांची एकत्रित हालचाल यांनाही स्वतंत्र महत्त्व असते.

गुणांकनाच्या पद्धती : आरंभीच्या काळात कसरतींची काठिण्यपातळी, सफाई, उडीतील चपळता आणि प्रेक्षकांवर पडणारी छाप या चार सदरांत प्रत्येकी एक ते दहा गुण देत असत. ही मांडणी समजण्यास सोपी होती. परंतु ‘सफाई’ व ‘छाप’ यांचा अर्थ प्रत्येक परीक्षक आपापल्या परीने लावी आणि झेल चुकल्याचा परिणाम एकाऐवजी दोन-तीन सदरांवर पडे.

स्कायहाउंड्झच्या पद्धतीतही चारच सदरे आहेत : सादरीकरण, शारीरिक कौशल्य, थक्क करणारा अंश आणि यश. यांच्या मूळ इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांपासून ‘पॉज’ म्हणजे ‘पंजे’ असा शब्द तयार होतो. सादरीकरणात रचना, संगीताशी मेळ, मैदानाचा वापर व कसरतींमधील दुवे पाहिले जातात. शारीरिक कौशल्यात कुत्र्याची धाव, उडी, शरीराचा तोल आणि सुरक्षित उतरणे येते. तिसऱ्या सदरात नावीन्य व धाडस यांना वाव आहे. यशाचे सदर घेतलेल्या व सुटलेल्या झेलांशी निगडित असते.

युनायटेड स्टेट्स डिस्क डॉग नॅशनल्स या संस्थेने वेगळा मार्ग घेतला. तिच्या पद्धतीत गुणांची विभागणी कुत्रा, खेळाडू, जोडी आणि यशस्विता अशी केलेली आहे. कुत्र्याच्या सदरात तबकडीमागे जाण्याची ओढ, ती परत आणणे, अंगातील चपळता व तबकडीवरील पकड हे उपघटक येतात. खेळाडूच्या सदरात मैदानावरील वावर, तबकड्यांची हाताळणी व फेकींची विविधता पाहतात. जोडीच्या सदरात उल्लंघन, झेप-आधार, बहुझेल, कुत्र्याचा झेल, एकत्रित हालचाल इ. घटक वेगवेगळे मोजले जातात. यामुळे परीक्षकाला एकंदर परिणामावर एकच अंक लावण्याऐवजी लहानलहान प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. मात्र या पद्धतीचा एक दुष्परिणामही संभवतो. प्रत्येक घटकाचे गुण वेगळे असल्यामुळे जोड्या यादीतील सर्व घटक कसेबसे दाखविण्याच्या मागे लागतात आणि भिन्न कुत्र्यांच्या कार्यक्रमांत सारखेपणा येऊ लागतो.

यशस्वितेची मोजणी : घेतलेले झेल व केलेल्या फेकी यांचे गुणोत्तर हा मुक्तशैलीतील सर्वांत वस्तुनिष्ठ भाग होय. यासाठी एक गुणलेखक केवळ फेकी व झेल यांचीच नोंद करतो. तथापि कोणती फेक मोजावयाची हे आधी ठरवावे लागते. खेळाडूच्या हातातूनच कुत्र्याने उचललेली तबकडी झेल मानावी काय, एकाच वेळी सोडलेल्या दोन तबकड्यांपैकी एकच झेलली तर नोंद कशी करावी, खेळाडूने स्वतःच झेलण्यासाठी उडविलेली तबकडी मोजावी काय, यांसारख्या प्रश्नांची उत्तरे नियमांत स्पष्ट नसल्यास गुणोत्तराला अर्थ उरत नाही.

पुढील काल्पनिक उदाहरणावरून सदरांचा परस्परसंबंध स्पष्ट होईल. प्रत्येकी दहा गुणांची चार सदरे आहेत आणि यशाचे गुण गुणोत्तराच्या सरळ प्रमाणात दिले जातात, असे समजू. पहिल्या जोडीने ४० फेकी केल्या व ३० झेल घेतले. गुणोत्तर ७५ टक्के, म्हणजे यशाचे ७.५ गुण. तिला सादरीकरणात ८.०, शारीरिक कौशल्यात ९.० व तिसऱ्या सदरात ८.५ गुण मिळाले, एकूण ३३.० गुण. दुसऱ्या जोडीने सावध खेळ करून २० फेकींत १८ झेल घेतले, यशाचे ९.० गुण. इतर सदरांत तिला अनुक्रमे ८.०, ७.५ व ७.० गुण मिळाले; एकूण ३१.५ गुण. तीन सदरांत सरस किंवा बरोबरीची ठरलेली पहिली जोडी दीड गुणाने पुढे राहिली. तिचे आणखी चार झेल सुटले असते, तर यशाचे गुण ६.५ व एकूण ३२.० होऊन विजय टिकला असता. सात सुटले असते, तर यशाचे गुण ५.७५ व एकूण ३१.२५ झाले असते आणि विजय दुसऱ्या जोडीकडे गेला असता. याचा अर्थ धाडसाला किंमत आहे, पण ती अमर्याद नाही. ही मर्यादा कोठे असावी हे सदरांच्या वजनावरून ठरते. यशाचे वजन वाढविल्यास खेळ सावध व एकसुरी होतो. ते घटविल्यास झेल न साधणाऱ्या अवघड कसरतींचा सुळसुळाट होतो.

परीक्षण : काही स्पर्धांत प्रत्येक परीक्षक सर्व सदरांचे गुण देतो व नंतर त्यांची बेरीज वा सरासरी काढतात. काही ठिकाणी प्रत्येक सदर वेगळ्या परीक्षकाकडे सोपविलेले असते. पहिल्या पद्धतीत एका व्यक्तीच्या आवडीनिवडीचा परिणाम इतरांच्या गुणांमुळे सौम्य होतो; परंतु दोन मिनिटांत कुत्रा, खेळाडू, संगीत व झेल या सर्वांकडे एकाच नजरेने लक्ष ठेवणे कठीण जाते. दुसऱ्या पद्धतीत लक्ष एकवटते, मात्र त्या सदरातील चूक दुरुस्त करणारा दुसरा कोणी नसतो.

क्रमाचा प्रश्नही महत्त्वाचा आहे. पहिल्या जोडीला दहापैकी साडेनऊ गुण दिले, तर तिच्याहून सरस ठरणाऱ्या पुढील जोड्यांसाठी जागा उरत नाही. म्हणून परीक्षक आरंभी हात आखडता घेतात आणि त्याचा तोटा लवकर उतरणाऱ्यांना होतो. यावर उपाय म्हणून गुणांच्या प्रत्येक पातळीचे शब्दांत वर्णन ठरविणे, परीक्षकांनी आधी एखादे प्रात्यक्षिक एकत्र पाहून आपले मापदंड जुळविणे, उतरण्याचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरविणे आणि दुसऱ्या फेरीत तो बदलणे, असे मार्ग अवलंबिले जातात. ओळखीच्या विजेत्याला सवयीने अधिक गुण मिळण्याची प्रवृत्तीही दिसते. लहान क्रीडाक्षेत्रात परीक्षक व खेळाडू एकमेकांना ओळखत असल्याने ती टाळणे विशेष अवघड असते.

सर्वंकष विजेतेपदासाठी काही स्पर्धांत मुक्तशैली व अंतरफेक यांचे गुण एकत्र करतात. या दोहोंच्या मोजपट्ट्या भिन्न असल्यामुळे केवळ बेरीज केल्यास ज्या विभागात जोड्यांच्या गुणांतील तफावत मोठी त्याचाच निकालावर प्रभाव पडतो. हा दोष टाळण्यासाठी गुणांऐवजी क्रमांक धरणे किंवा दोन्ही विभागांचे गुण समान मापात आणणे आवश्यक ठरते.

इतर क्रीडाप्रकारांशी तुलना : सौंदर्य व काठिण्य यांचे अंकांत रूपांतर करण्याची अडचण केवळ याच खेळाची नाही. माणसांच्या तबकडी-मुक्तशैलीसाठी १९७८ मध्ये स्थापन झालेल्या फ्रीस्टाइल प्लेअर्स असोसिएशनच्या पद्धतीत काठिण्य, सफाई व कलात्मक परिणाम असे तीन भाग आहेत. काठिण्याचे गुण कार्यक्रमाच्या अखेरीस एकदाच न देता दर १५ सेकंदांनी देतात. त्यामुळे शेवटच्या एखाद्या नेत्रदीपक कसरतीने आधीचा सामान्य खेळ झाकला जात नाही. बर्फावरील कलात्मक स्केटिंगमध्ये २००२ च्या सॉल्ट लेक सिटी येथील हिवाळी ऑलिंपिकमधील परीक्षणाच्या वादानंतर सहा गुणांची जुनी पद्धत सोडून २००४ मध्ये प्रत्येक घटकाचे स्वतंत्र मोल ठरविणारी पद्धत स्वीकारण्यात आली. जिम्नॅस्टिक्समध्ये २००६ पासून दहा गुणांची कमाल मर्यादा काढून काठिण्य व सफाई यांचे गुण वेगळे केले गेले. श्वान-तबकडीतील उपघटकांच्या पद्धतीची दिशाही हीच आहे. मात्र या अन्य खेळांत काठिण्य पत्करण्याचा निर्णय घेणारा व त्याची शारीरिक किंमत मोजणारा एकच असतो. येथे निर्णय माणसाचा आणि शरीर कुत्र्याचे असते.

कुत्र्याचे हित व नियम : वरील भेदामुळे गुणांकन हा या खेळात नीतीचाही प्रश्न बनतो. धावता धावता पुढच्या दिशेने घेतलेली उडी कुत्र्याच्या शरीररचनेला जुळणारी असते व उतरताना तो पुढच्या पायांनी भार पेलतो. तबकडी कुत्र्याच्या थेट डोक्यावर टांगल्यासारखी सोडल्यास मात्र त्याचे शरीर उभे होते, पाठ मागे वाकते आणि सर्व भार मागच्या पायांवर आदळतो. अशा उतरण्याने गुडघ्याचे स्नायुबंध, कटिसंधी आणि पाठीचा कणा यांना इजा पोहोचण्याचा धोका असतो. उंच झेप-आधार व उलट्या कोलांट्या यांत हा धोका अधिक असतो. तो फेकीच्या अचूकतेवर अवलंबून असल्यामुळे बहुतेक वेळा दोष कुत्र्याचा नसून फेकणाऱ्याचा असतो. प्रेक्षकांच्या टाळ्या मात्र नेमक्या अशाच कसरतींना मिळतात.

उंचीला निव्वळ उंची म्हणून गुण दिले, तर खेळाडू उंचीच्या मागे लागतो. नियंत्रित उड्डाण, योग्य टप्प्यावर आलेली तबकडी व चारही पायांवर सावरून उतरणे यांना गुण दिले, तर खेळाडू त्यांचा सराव करतो. म्हणून सुरक्षित उतरणे हा केवळ सूचनेचा भाग न ठेवता गुणदानाचा निकष करणे, धोकादायक कसरतीला गुण नाकारणे आणि आवश्यक तेथे फेरी थांबविण्याचा अधिकार मुख्य पंचाला देणे, हे उपाय परिणामकारक ठरतात. वाढ पूर्ण न झालेल्या कुत्र्याला उंच उड्या मारू न देणे, हवेतील उष्णता व आर्द्रता पाहून फेऱ्या सकाळी लवकर घेणे, पाणी व सावलीची सोय ठेवणे, मैदानातील खड्डे व ओल तपासणे आणि लंगडणाऱ्या वा तोंडातून रक्त येणाऱ्या कुत्र्याला तत्काळ बाजूला घेणे, हीदेखील संयोजकांची जबाबदारी असते. कुत्र्याला मारणे वा त्याच्यावर रागावणे यांबद्दल जोडीला स्पर्धेतून बाद करता येते.

कुत्र्याची तबकडीमागे जाण्याची ओढ इतकी तीव्र असते, की दुखापत झाली तरी तो पुष्कळदा खेळ थांबवीत नाही. त्यामुळे त्याची खेळण्याची उत्सुकता ही त्याच्या सुस्थितीची खूण मानता येत नाही. अनुभवी परीक्षक वळताना पडणारे पाऊल, उतरल्यानंतरची पहिली धाव आणि तबकडी परत आणण्याचा घटता वेग यांवरून थकवा ओळखतात. मुक्तशैलीच्या गुणपत्रिकेत कुत्र्यासाठी वेगळे सदर असावे असा आग्रह धरला जातो, त्यामागे कौशल्याचे मापन हा एकच हेतू नसतो. मैदानावर निदान एका माणसाची नजर संगीत, प्रेक्षक व खेळाडू यांवरून काढून संपूर्ण वेळ कुत्र्यावर ठेवण्याची ती व्यवस्था असते.